मेन स्विचच्या आधी

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी धनसिंग पाचोऱ्याच्या छापखान्यात कॉम्प्युटरशेजारी स्टूल टाकून बसला होता. कीबोर्डाला तो हात लावत नव्हता, फक्त बघत होता. १९९३ चा मार्च, ऐन लग्नसराई.

मराठी अक्षरजुळणीचा हा प्रोग्राम त्याने धुळ्यात, मामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे बसून चौदा महिन्यांत लिहिला होता. विकलेली ही पहिली प्रत. धुळ्यातले तीन छापखाने इथले मालक रतिलालशेठ काय म्हणतात त्याची वाट बघत होते. आणि रतिलालशेठ म्हणाले होते: शनिवारपर्यंत नीट चालला नाही तर तुमची फ्लॉपी तुम्हाला, माझे जुने शिशाचे खिळे मला. आज शनिवार होता.

तक्रार एकच होती. जुळणी करणाऱ्या सुमनबाई अठरा वर्षे कचेरीबाहेर टाइपरायटरवर अर्ज टंकत आलेल्या. कीबोर्डाची मांडणी टाइपरायटरची निवडली की त्यांची बोटे दिवसभर धावत. दुसऱ्या सकाळी प्रोग्राम पुन्हा इंग्रजी उच्चाराच्या मांडणीवर. बोट ‘क’वर पडे आणि पडद्यावर ‘द’ उमटे. नजर कागदावर असल्याने चार ओळी झाल्यावर ते कळायचे.

“भाऊ, तुम्हना हाऊ प्रोग्राम रातले झोपस आनि सकायले बठ्ठं भुली जास,” सुमनबाई म्हणाल्या. “मन्हा सासरानागत शे.”

याआधी दोनदा तो येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याने मांडणी बदलली, प्रोग्राममधून बाहेर पडला, पुन्हा सुरू केला, सगळे जागेवर. चूक बाईंची असणार असे ठरवून त्याने बस पकडली होती. या खेपेला मात्र छापखाना उघडल्यापासून बंद होईपर्यंत हलायचे नाही, असे ठरवूनच तो आला होता.

दिवसभरात सुमनबाईंनी सात पत्रिका जुळवल्या. प्रत्येक पत्रिका झाली की सेव्ह. सोनगीरच्या एका पार्टीला डाव्या बाजूला गणपती हवा होता, म्हणून तिथला समास त्यांनी रुंद केला. खोट काढायला जागा नव्हती.

साडेसहाला रतिलालशेठनी देवापुढे उदबत्ती लावली. तीन वर्षांपूर्वी रात्रभर चालू राहिलेली छपाईयंत्राची मोटर जळाली, तेव्हापासून त्यांचा नियम होता: उदबत्ती झाली की मेन स्विच मालकाच्या हाताने खाली. सुमनबाईंनी पत्रिका सेव्ह केली, पडद्यावर कापड टाकले, हात जोडले. शेठनी मेन ओढला.

धनसिंग स्टुलावरून उठला.

“अक्का, बाहेर पडायची कळ नाही दाबत तुम्ही?”

“कसाले? पत्रिका ठेवी दिधी ना मी. बठ्ठं बंद तं शेठच करतस.”

निवडलेली मांडणी डिस्कवर लिहायची ती प्रोग्राममधून बाहेर पडताना, असे त्याने ठरवले होते. या छापखान्यात बाहेर कोणी पडतच नव्हते.

“कागदावर लिहून भिंतीला लावा,” शेठ म्हणाले. “दाबतील त्या.”

त्याने खिशातून पेन काढले आणि परत ठेवले. दुपारी वीज दोनदा गेली तर भिंतीवरचा कागद काय करणार?

“शेठ, मेन चालू करा. एक तास द्या.”

“अर्धा.”

सोबतच्या फ्लॉपीतून त्याने मूळ प्रोग्राम उघडला. बाहेर पडेपर्यंत थांबायचे नाही. काहीही बदलले की त्याच क्षणी डिस्कवर, असे तो टंकता टंकता मोठ्यानेच म्हणाला. सुमनबाई पिशवी घेऊन मागे उभ्या होत्या.

“मंग सोनगीरवालासना समास सकायले दुसरी पत्रिकाले बी तसाच राही का?”

धनसिंगचे हात थांबले. हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते. मांडणी बाईंच्या हाताची, ती कायम राहिली पाहिजे. समास त्या एका पत्रिकेचा, तो तिच्याबरोबरच ठेवायला हवा. त्याने दोन्ही वेगळे केले. अर्ध्या तासाची पन्नास मिनिटे झाली. शेठ किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसून राहिले.

मग तपासायला मेन त्याने स्वतः ओढला. मांडणी डिस्कवर लिहिली जात असतानाच नेमकी वीज गेली आणि तिची फाइल कोरी झाली. पुन्हा बसला. आता नवी फाइल पुरी लिहून झाल्याशिवाय जुनीला हात लागणार नव्हता. पुन्हा मेन. असे सहा वेळा. सहाही वेळा सुमनबाईंनी कळ दाबली आणि ‘क’चा ‘क’च आला.

“मी काही मेनची सवय सोडणार नाही,” शेठ म्हणाले. “आधीच सांगून ठेवतो.”

“नका सोडू.”

“मग धुळेवाल्यांना सांगा, रतिलाल हो म्हणतो.”

उद्या रविवार. लग्नसराईत छापखाना रविवारीही साडेनऊला उघडतो. पहिली पत्रिका भडगावची आहे, दोनशे प्रती, आणि ती अकराच्या आत जुळून छपाईला गेली पाहिजे.