पाच हजार फुटांवरचं विमान

लग्नानंतर मी कासारवाडीत, सासुरवाडीच्याच आळीत खोली घेतली होती. नोकरी विमानतळावर. सायकलने भोसरी, दिघी करत माळावरून जायचं, तासभर लागायचा. सन पन्नासनंतरचे ते दिवस. दिवसाकाठी चार-पाच विमानं यायची, त्यामुळे काम हलकं असेल असं लोकांना वाटायचं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

टॉवरमध्ये आम्ही दोघं असायचो. विमानांना हुकूम द्यायचे ते साहेब. मी त्यांचा मदतनीस. साहेब पन्नाशीचे, कोकणातले, एकटे राहणारे. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे असूनही मला कधी एकेरी हाक मारली नाही. रेडिओवरचं बोलणं कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि लिहून घ्यायचं हे माझं काम. प्रत्येक विमानाची एक चिठ्ठी. समोरच्या फळीवर त्या चिठ्ठ्या एकाखाली एक लावायच्या. जे विमान उंच, त्याची चिठ्ठी वर.

आकाश मोकळं असलं की काही अडचण नसे. ढग भरले की मात्र विमान दिसतच नसे, आणि वैमानिकालाही दुसरं विमान दिसत नसे. मग प्रत्येकाला वेगवेगळ्या उंचीवर घिरट्या घालत थांबवायचं, दोघांत हजार फुटांचं अंतर ठेवायचं. खालच्याने आपली उंची सोडली, असं त्याच्या तोंडून ऐकलं की मगच वरच्याला तिथे उतरवायचं. ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायचं. टॉवरमधलं सगळं शहाणपण एवढंच होतं.

त्या वर्षी भाद्रपदात बायकोला विषमज्वर झाला. पंधरा दिवस ताप उतरला नाही. दिवसा तिची आई बसायची, संध्याकाळनंतर मी. झोप कशी ती नव्हतीच. साहेबांना हे माहीत होतं. “रजा घ्या,” असं ते दोनदा म्हणाले होते. मी घेतली नाही. घरात बसून तिच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा टॉवर बरा वाटायचा.

त्या दिवशी दुपारी ढग इतके खाली आले होते की दिघीची टेकडी दिसत नव्हती. दोन विमानं आली. पहिलं पाच हजार फुटांवर, दुसरं सहा हजारांवर. साहेबांनी पहिल्याला चार हजारांवर उतरायला सांगितलं. तेवढ्यात हवामान कचेरीचा फोन वाजला आणि ते तिकडे वळले. पहिल्या वैमानिकाचं उत्तर मी एकट्याने ऐकलं. बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यात खरखर. तो म्हणाला होता, आणखी एक फेरी मारून पाच हजार सोडतो. मला ऐकू आलं ते फक्त ‘पाच हजार सोडतो’. मध्ये काहीतरी राहिलं, हे मला कळलं होतं. पुन्हा विचारायला हवं, हेही कळलं होतं. मी चिठ्ठीवर चार हजार लिहिलं आणि ती खाली सरकवली.

फोन ठेवून साहेबांनी फळीकडे पाहिलं. “पहिल्याने पाच सोडलं?”

“सोडलं, साहेब.”

त्यांनी दुसऱ्या विमानाला पाच हजारांवर उतरायला सांगितलं. मग पहिल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, “चार हजारांवर पोहोचलात का?”

“नाही,” तो म्हणाला. “अजून पाच हजारांवरच आहे. ही फेरी संपली की उतरतो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्याला त्यांनी लगेच डावीकडे वळून परत सहा हजारांवर चढायला सांगितलं. आवाज नेहमीचाच होता, फक्त तेच वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. उत्तर आलं नाही. किती वेळ आलं नाही ते मला सांगता यायचं नाही. खाली हमाल सामानाची गाडी ढकलत होते, तिच्या चाकाचा आवाज येत होता.

मग दुसरा वैमानिक बोलला. “चढतोय. आत्ता आमच्या पंखाखालून काळंसं काहीतरी गेलं. तुमचं दुसरं विमान होतं का?”

“हो,” साहेब म्हणाले.

दोन्ही विमानं नीट उतरली. मी खिडकीतून उतारू पाहत होतो. एका बाईने शिडीवरून उतरता उतरता लेकराचं टोपरं सारखं केलं. एक म्हातारे गृहस्थ छत्री विमानातच राहिली म्हणून परत वर गेले. कोणाला काही माहीत नव्हतं.

साहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या फळीवरून काढल्या. मग म्हणाले, “तुम्हाला स्पष्ट ऐकू आलं होतं?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली आणि नोंदवहीत लिहिलं: वैमानिकाकडून स्वतः खात्री न करता मी हुकूम दिला, चूक माझी. त्यात माझा उल्लेख नव्हता.

आठवड्याने चौकशी झाली. तिघेजण टेबलापलीकडे बसले होते. त्यांनी मला विचारलं, “तुम्हाला आणखी काही सांगायचंय?” मी म्हणालो, “नाही.” साहेबांना टॉवरमधून काढून कोठारात बसवलं. तिथे कांबळी, दोर, कंदील यांचा हिशेब ठेवायचा. मी टॉवरमध्येच राहिलो.

एकदा धीर करून मी कोठारात गेलो. म्हणालो, “साहेब, मी जाऊन खरं सांगतो.”

“काय सांगाल? तुम्ही ऐकायला चुकलात, मी विचारायला चुकलो. विचारणं माझं काम होतं.” मग त्यांनी विचारलं, “घरी कसं आहे?”

“ताप उतरला.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि कांबळी मोजायला लागले. मी बाहेर पडलो तेव्हा मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची लाज मला त्या चुकीपेक्षा जास्त वाटते.

पुढे टॉवरमध्ये बसवेना. खरखर सुरू झाली की एकच गोष्ट चार-चारदा विचारायचो, वैमानिक वैतागायचे. वर्षभराने नोकरी सोडली आणि पिंपरीला नवा कारखाना निघाला होता तिथे लागलो. तिथे माझ्या हातून चूक झाली तर फार तर माल वाया जाई.

नोकरी का सोडली, हे बायकोने विचारलं नव्हतं. एका दुपारी मीच सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “तू आजारी होतीस, डोकं ठिकाणावर नव्हतं.”

ती मटकी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, “ऐकाया आलं न्हाई, ते माज्या तापानं आसंल. पर चौकशीत तोंड उघडलं न्हाई, तवा मी बरी झाले व्हते. त्यात माजं नाव घेऊ नगा.”



पुढच्या रविवारी सायकल काढून साहेबांच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्याने सांगितलं की त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली, दोन महिन्यांपूर्वी गावाला गेले. “पत्ता हाय माज्याकडं,” तो म्हणाला. “देऊ का?”

“राहू द्या, पुन्हा येईन,” मी म्हणालो, आणि कधी गेलो नाही.