पाणबुडीवरचे अकरा जण

साठीनंतर तू पाणबुड्यांच्या नादी लागशील, असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग त्याचं डोकं तपासून घ्यायला सांगितलं असतं. पण लागले खरी! इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या एका छोट्या संग्रहालयात आठवड्यातून दोन सकाळी मी हौसेने काम करते. तिथे अमेरिकन नौदलाच्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या पाणबुड्यांचे फोटो आहेत, तेही काचेवर. काच उजेडात धरली तर माणसांचे चेहरे काळे आणि आभाळ त्याहून काळं दिसतं. स्कॅन करून उलटसुलट रंग सरळ केले की स्क्रीनवर माणसं एकदम जिवंत होतात. पहिल्या दिवशी तर मी ओरडलेच.

आणि काय त्या पाणबुड्या! पाण्यावर लांबट दुधी तरंगावा तशा. मधे एक बुटका मनोरा आणि वर उभं राहायला जेमतेम घराच्या जिन्याएवढी रुंदी. तेवढ्यात अकरा-बारा माणसं खांद्याला खांदा लावून उभी, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे. ही माणसं त्या पत्र्याच्या पोटात बसून, इंजिनाच्या वाफा नाकात घेत समुद्राखाली जायची आणि फोटोसाठी वर येऊन हसायची! मी घरी येऊन हे सगळं नवऱ्याला सांगायचे. तो म्हणायचा, "अगं, जेवायला तरी काही आहे, की आज पण सबमरीनच सर्व्ह करणार?"

आमच्या शेजारी शहाऐंशी वर्षांच्या एक बाई एकट्याच राहतात. गोऱ्या, अमेरिकन. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, पण माझी जीभ काही रेटत नाही. मी त्यांना काकू म्हणते आणि त्या ओ देतात. माझी पाणबुडीपुराणं ऐकता ऐकता एके दिवशी त्या म्हणाल्या, "माझे आजोबा अशाच एका बोटीवर इंजिनाच्या कामावर होते." बोटीचं नाव त्यांना पाठ होतं. फोटो मात्र एकही नाही, घराला आग लागली तेव्हा सगळे गेले. आईकडून ऐकलेली एकच खूण होती: लहानपणीच डाव्या हाताची करंगळी अर्धी गेलेली. काकूंची नजर आता झपाट्याने कमी होते आहे. "पूर्ण जायच्या आत एकदा त्यांचं तोंड बघायचंय गं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मी कपाट पालथं घातलं आणि त्या बोटीच्या नावाची पेटी सापडली! आत एकच काच होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी. काच पुसली, मशीनवर ठेवली, भला मोठा प्रिंट काढला आणि बसने थेट काकूंच्या दारात. अकरा जण होते. काकूंनी भिंग फिरवलं आणि कडेच्या एकावर थांबल्या. "हा. हा माझ्या आईसारखा दिसतो."

मी बघितलं. त्याची करंगळी अर्धी होती, पण उजव्या हाताची.

"नाही काकू, हे ते नव्हेत," मी अगदी तज्ज्ञ असल्याच्या थाटात सांगितलं. "हात उजवा आहे. दुसरंच कुणीतरी." त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं." तेवढंच. मला फार वाईट वाटलं, पण पुरावा म्हणजे पुरावा. प्रिंट तिथेच टेबलावर ठेवून मी घरी आले.

तीन आठवडे मी इतर पेट्या धुंडाळल्या. त्या बोटीचं दुसरं काही मिळेना. मग एका शनिवारी सकाळी मी नवऱ्याचा शर्ट इस्त्री करत होते. त्या फोटोचा आणखी एक प्रिंट मी समोर फ्रिजवर लावून ठेवला होता, त्याच्यावर राग काढायला. शर्टाची पट्टी दाबताना सहज वर बघितलं आणि इस्त्री शर्टावरच राहिली. त्या अकरांपैकी ज्यांच्या अंगात बटणांचे कपडे होते, त्या सगळ्यांची पट्टी उजवीकडून डावीवर! अधिकाऱ्याच्या कोटाचीसुद्धा! लग्नाआधी नागपूरला शिवणक्लासच्या बाईंनी बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं: पुरुषांची काजं डावीकडे, बायकांची उजवीकडे. मग हे दाढीमिशीवाले काय बायकांचे शर्ट घालून उभे होते?

"अहो, मी काच उलटी ठेवली!" मी किंचाळले.

काचेची चकचकीत बाजू खाली ठेवायची, निस्तेज बाजू वर, हा तिथला पहिला नियम; नाहीतर फोटो आरशातल्यासारखा येतो, डाव्याचं उजवं होतं. एरवी बोटीवरचा आकडा उलटा दिसला की चूक कळते. या फोटोत आकडा माणसांच्या पाठीमागे लपलेला आणि टोप्या साध्या पांढऱ्या, एक अक्षर नसलेल्या. घाईत मी नियम विसरले आणि खापर त्या बिचाऱ्याच्या करंगळीवर फोडलं.

"शर्ट जळला," नवरा शांतपणे म्हणाला. "जळू दे!" म्हणत मी घरच्या कॉम्प्युटरकडे धावले, फाईल तिथे होतीच. फोटो उलटा केला. कडेचा माणूस या कडेचा त्या कडेला गेला, आणि अर्धी करंगळी डाव्या हाताला आली! मी अक्षरशः उड्या मारल्या. नवा प्रिंट काढला आणि स्लिपर घालूनच बर्फातून काकूंकडे पळाले.

"काकू, तेच आहेत! चूक माझी होती, तेच आहेत!" दारातूनच मी सगळं सांगून टाकलं, काजांपासून इस्त्रीपर्यंत. त्या हसत हसत मला आत घेऊन गेल्या. खिडकीपाशी, जिथे उजेड सगळ्यात जास्त येतो तिथे, माझा तो उलटा फोटो चौकटीत लावून ठेवलेला होता.

"पण हे ते नव्हेत, असं मी सांगितलं होतं ना?" मी म्हणाले.

"तू हात बघत होतीस," त्या म्हणाल्या. "मी तोंड बघत होते."

मला लाजही वाटली आणि आनंदही मावेना. चौकट उघडून मी नवा फोटो आत बसवला. त्यांनी भिंगातून करंगळी बघितली, मान हलवली. मी जुना फोटो कचऱ्यात टाकायला उचलला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तो राहू दे," काकू म्हणाल्या. "तीन आठवडे रोज सकाळी मी त्याच्याशीच बोलतेय."