डिम्पनाचे सलगम

डिम्पना टोलनने जन्मभर मेलेल्यांचे कपडे शिवले. आयर्लंडच्या पश्चिमेला किलमोरन गावात तिच्या नवऱ्याचा शवपेट्यांचा धंदा होता आणि तिचं मशीन त्याच छपराखाली खडखडायचं. आपलं गिऱ्हाईक फिटिंगची तक्रार घेऊन कधी परत येत नाही, हे ती फादरलाही ऐकवायची. नवरा गेला तेव्हा त्याचा कोट तिनेच शिवला, आणि बाह्या आखूड झाल्या. "कामाला कधी हात पुढे केला नाही त्याने," ती म्हणाली, "आता कशाला लांब बाह्या?"

गेल्या हॅलोविनला गावच्या समितीने पुलावर प्लास्टिकचे सांगाडे टांगले होते. वादळात ते तळ्यात गेले, आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत लोकांच्या गळाला माशांऐवजी बरगड्या लागत राहिल्या. म्हणून यंदा समितीचा अध्यक्ष फिंटन केव्हनी टोपी हातात धरून डिम्पनाच्या दारात आला.

"मातीत मिसळेल असं काहीतरी करून द्याल का?" त्याने विचारलं.

"मातीत जाणाऱ्यांचंच तर करत आले रे. बस, चहा घे."

"तोंडं कोरायला भोपळे आणून देऊ?"

"भोपळा चमच्यानेही कोरता येतो. सलगम आण. त्याला मनगट लागतं, आणि थोडा राग."

राग तिच्याकडे भरपूर होता. शवपेटीच्या अस्तराचं उरलेलं सुती कापड तिने भुतांच्या झग्यांना वापरलं, आत पेंढा भरला, कुंपणाच्या तारांना अडकलेली मेंढ्यांची लोकर केस म्हणून लावली. तोंडं मात्र तिच्या मनासारखी होईनात. राक्षस कोरायला घ्यावा तर मॅलाकी खाटकाचं वाकडं नाक उमटायचं. इतकी वर्षं टाचण्या तोंडात धरून ती गावच्या मेलेल्यांच्या त्याच चेहऱ्यांवर वाकली होती. हाताला दुसरे ठाऊकच नव्हते. शेवटी तिने हाताला मोकळं सोडलं.

हॅलोविनच्या संध्याकाळी भुतं पुलावर लागली, सलगमांच्या पोकळ डोक्यांत मेणबत्त्या पेटल्या. सलगम सुकून सुरकुतले होते, त्यामुळे साम्य आणखीच वाढलं होतं. फिंटनचा चेहरा उतरला.

"बाई, हा मॅलाकी डिग्नन आहे. आणि तो माझा काका."

"हनुवटी छान आलीय ना?"

"मॅलाकीची बायको अजून जिवंत आहे हो."

"दिसतंय. ती बघ, इकडेच येतेय."

ॲट्रॅक्टा डिग्नन काठी टेकत आली. लोकांनी तिला वाट करून दिली. तिने नवऱ्याला खालून वर न्याहाळलं.

"कान लहान झाले."

"सलगमच तेवढा होता," डिम्पना म्हणाली.

"तोंड बरोबर आहे. ढोसून आला की असाच दारात उभा राहायचा." मग झग्याचं टोक ओढून ती सलगमाला म्हणाली, "तुझा कुत्रा मी देऊन टाकला. तो मजेत आहे. मीही."

पहिला हसला तो फादर. आपल्या आधीचा फादर त्याने आ वासलेल्या जबड्यावरून ओळखला होता. "याचं प्रवचन तेवढं आज आवरतं झालं," तो म्हणाला. मग जो तो आपापला माणूस शोधू लागला. ज्यांचा सापडला नाही त्यांनी डिम्पनाशी भांडण काढलं. आमच्या आत्याने काय घोडं मारलं होतं, असं एकीने विचारलं. डिम्पनाला कितीतरी वर्षांत इतकी माणसं एका वेळी भेटली नव्हती, आणि तीही जिवंत. तिला घरी जावंसं वाटेना.

आठवड्याने सगळं उतरवलं. पेंढा आणि कापड खताच्या खड्ड्यात गेलं, सलगम ॲट्रॅक्टाच्या शेळ्यांना. शेळ्यांनी आधीच्या फादरला शेवटपर्यंत तोंड लावलं नाही.

त्यानंतर एका सकाळी म्हातारा लोर्कन टिमनी स्वतःचा फोटो घेऊन डिम्पनाकडे आला. "मी अजून आहे," तो म्हणाला, "पण पुढच्या वर्षीचं काय सांगावं? डाव्या बाजूने चांगला दिसतो मी."

डिम्पनाने फोटो उजेडात धरला, मग त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या डोक्याला सलगम पुरायचा नाही," ती म्हणाली. "कोबी बघावा लागेल."