साबणाच्या डबीला कुंकू

दिपाली आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये मेंटेनन्स बघते, आणि विंडोजऐवजी चालणाऱ्या त्या फुकटातल्या लिनक्सचा विषय निघाला की या बयेला जेवणाचंही भान राहत नाही. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा. त्यात लिनक्स घालून तो तिने चक्क साबणाच्या डबीत बसवला. "खालची भोकं हवेला आयतीच आहेत, सुमनताई," मला म्हणाली. कोणत्या लेथवर किती नग निघाले, ते ही डबी भिंतीवरच्या जुन्या टीव्हीवर दाखवायची. मी नग तपासायला बसते, त्यामुळे माझी रोजची बोंबाबोंब वाचली.

मालक अण्णासाहेबांना मात्र ते पटत नव्हतं. "खेळणं हाय ते. दसरा झाला की मोठा कॉम्प्युटर आणू." आमच्याकडे खंडेनवमीला जिला कुंकू लागतं ती मशीन, बाकी सगळं सामान. दिपालीला डबीसाठी ते कुंकू हवं होतं. खरं सांगते, मलाही हवं होतं.

खंडेनवमीला सगळ्या मशिनी पुसून लख्ख झाल्या. पूजेआधी मेन स्विच पाडायचा मान अण्णासाहेबांचा. दिपाली फुलं आणायला फाटकाशी गेली आणि यांनी खटका पाडला. ती धावत आली. "अहो अण्णा, आधी मला सांगायचं ना! अशी अचानक वीज गेली की त्यातलं मेमरी कार्ड बिघडतं, सगळं पुसलं जातं!"

आरती झाली, खटका वर गेला. टीव्ही काळाठिक्कर. मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर धावायला लागल्या. "चल गं बाई, चल!" दिपाली उड्या मारत होती, आम्ही बायका टाळ्या पिटत होतो, प्रसाद वाटायचं कुणाला सुचेना. आणि आले की कालचे नग, जसेच्या तसे! ऑफिसातला कॉम्प्युटर अजून नुसतं चक्र फिरवत बसला होता.

"व्हय की गं," अण्णासाहेब म्हणाले, "मशीनच हाय ही." त्यांनी ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि बोट थेट उघड्या डबीत घालायला निघाले.

"अण्णा, नको!" दिपाली किंचाळली आणि तिने मालकाचा हातच धरला. याच कुंकवासाठी पोरगी झुरत होती ना? सकाळी पुसताना उघडून ठेवलेलं झाकण तिने घाईघाईने खिशातून काढलं, डबीवर बसवलं, आणि धापा टाकत म्हणाली, "आता लावा. भरपूर लावा!"

अण्णासाहेब असे खदखदून हसले, की निम्मं कुंकू डबीला लागलं आणि निम्मं दिपालीच्या नाकाला. संध्याकाळी ती ते तसंच नाकावर घेऊन बसने घरी गेली.