लाल रिपोर्ट, हिरवा रिपोर्ट

आमच्या लॅबमध्ये तपासून झालेलं तेल महिनाभर ठेवतात आणि मग टाकून देतात. किस्से टाकायची काही सोय नाही, म्हणून ते साचत जातात.

माझं काम म्हणजे भोसरी ते चाकण बाइकवर फिरून कंपन्यांमधल्या मशीनच्या तेलाच्या बाटल्या गोळा करायच्या. तेलात लोखंड किती, तांबं किती, यावरून आतला कुठला पार्ट झिजतोय ते मशीन न उघडता कळतं. रिपोर्ट हिरवा आला तर ठीक, लाल आला तर मशीन थांबवा. इतकं सोपं आहे. तरीही...

*

भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या तेलात सोडियम भलतंच निघालं. आमच्या लॅबच्या मॅडमनी फोन केला, "कूलंट गळतंय, मशीन खोलून बघा." सुपरवायझरनी दिवसभर मशीन खोललं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "मॅडम, बाटली सापडेना म्हणून लोणच्याची बरणी घेतली होती. पण धुतली होती हां."

*

एक साहेब तेल बदललं की दुसऱ्याच दिवशी सॅम्पल देतात. मी दबकत म्हटलं, "सर, बदलायच्या आधीचं द्या ना, झीज त्यात दिसते."

"पाहुणे यायच्या आधी तू घर झाडतोस की नाही?"

*

एका ऑफिसात ऑडिटच्या आदल्या दिवशी आमच्या लाल रिपोर्टची झेरॉक्स काढणं चाललं होतं. मी म्हटलं, "ओरिजिनल लावा की फाईलला. झेरॉक्समध्ये रंग दिसत नाही."

"म्हणूनच तर, भावा."

*

चाकणच्या एका कंपनीत पत्रे दाबून आकार देणारी मोठी प्रेस आहे. तिचा रिपोर्ट दर महिन्याला हिरवा. मेंटेनन्स मॅनेजर भरलेली बाटली केबिनमध्ये तयार ठेवायचे. मी नववीत शाळा सोडलेला, साहेबांना काय विचारणार? उचलायची आणि निघायचं.

एकदा त्या प्रेसवरचे गुलाबकाका पार्किंगमध्ये आडवे आले. "गिअरबॉक्स दोन महिने कण्हतोय. सांगाया गेलो तर साहेब तुमचा हिरवा कागद दावतो. बाटली नव्या तेलाच्या ड्रममधून भरतो, म्या बघितलंय. तिच्याखाली हात माजा असतो, राव."

जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबली, तेव्हा काकांनी झाकण उघडलं आणि मी गिअरबॉक्समधलं गरम तेल बाटलीत घेतलं. माझी नोकरी जाणार, हे ठरलेलंच होतं.

रिपोर्ट लालभडक आला. मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडमनी थेट कंपनीच्या मालकांना फोन लावला. प्रेस बंद झाली, गिअरबॉक्स उघडला. एका गिअरचे निम्मे दात गायब होते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर लॅबमध्ये हजर. मालकांनी त्यांना जाब विचारला होता. हिरव्या रिपोर्टांचा गठ्ठा त्यांनी मॅडमच्या टेबलावर आपटला. "हे सगळे चुकीचे दिलेत तुम्ही. लेखी द्या तसं."

मॅडमनी एकेक रिपोर्ट शांतपणे वाचला.

"सगळे बरोबर आहेत, सर. तुमचा ड्रम ठणठणीत आहे."