राक्षसांनी बांधलेली शहरं

मी ग्रॅनाइट विकतो. शिकागोजवळच्या यार्डात उभं राहून, एकेका लादीसाठी घासाघीस करत धंदा वाढवला. मालाची माहिती नसली की आवाज चढवायचा, हेही तिथेच शिकलो.

मुलीच्या कॉलेजात तिचं प्रेझेंटेशन होतं. वर्षभराच्या कामाचे मार्क त्यावर ठरणार होते आणि पालकांनाही बोलावलं होतं. रोमन सैन्य निघून गेल्यावर ब्रिटनमध्ये दगडी शहरं ओस पडली, असं ती सांगत होती. तसं बांधकाम पुढे कोणाला जमेना. म्हणून लोकांच्या गाण्यांत ती शहरं राक्षसांनी बांधलेली ठरली.

माझं डोकं फिरलं. आमच्या गावच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. सारा गाव म्हणायचा, पांडवांनी एका रात्रीत कोरली. आम्ही बौद्ध, आमच्या वस्तीतल्या कोणी ती आपली म्हटली की गाव हसायचा. ते हसू मी अमेरिकेपर्यंत घेऊन आलोय. मी मध्येच उभा राहिलो. अशा गोष्टी सांगणारे अडाणी नव्हते, चोर होते, दुसऱ्याचं श्रेय लाटत होते, आमच्या लेण्यांचंही तेच झालं, असं बरंच बोललो.

"पप्पा, प्रश्न शेवटी," मुलगी हळूच म्हणाली. मी थांबलो नाही.

तिच्या प्राध्यापक बाईंनी न रागावता विचारलं, मग तुमची लेणी कोणी कोरली? पेन हातात धरून त्या खरोखर लिहून घ्यायला थांबल्या होत्या.

"आमच्या लोकांनी," मी म्हणालो.

म्हणजे कोणी? केव्हा? कोरायला दान कोणाचं होतं? मी पुन्हा तेच म्हणालो, जरा मोठ्याने. पांडवांची गोष्ट खोटी, एवढंच मला तोंडपाठ होतं. खरं काय, ते कधी शोधलंच नव्हतं.

"मी पप्पांशी बोलून नंतर सांगते," मुलगी म्हणाली. मला सांभाळण्यात तिची वेळ संपली. शेवटचा भाग राहून गेला.

परतताना गाडी तीच चालवत होती. राहिलेलं मला तरी सांग, असं मी म्हणालो.

"ऐकायचंय की भांडायचंय?"

ऐकायचंय म्हणालो. मग तिने सांगितलं. लोक राक्षस म्हणत होते त्याच काळात ख्रिस्ती मठांतली माणसं रोमन पुस्तकं हाताने उतरवून घेत होती, काही तर नीटशी न समजताही. म्हणून आज बांधणारे कोण ते कळतं. बोलता बोलता तिने सिग्नलला गाडी थांबवली.

"लेण्यांत भिक्खू राहायचे ना? दिवसभर काय करायचे?"

"माहीत नाही," मी आवाज न चढवता म्हणालो.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला.