महालिंगचा पहिला जोड

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला माझ्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत, पण ही नाही. एकदोनदा जिभेवर आली होती — आणि मी पाणी मागितलं.

आधी मी काय काम करायचो ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल कुठं चोरीमारी केली असेल. मोबाइल नवेनवे आले तेव्हाचं हे. बीड जिल्ह्यात लँडलाइनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले, आणि एकदम माळामाळावर टॉवर उभे राहायला लागले. टॉवरखालच्या खोलीत ट्रान्समीटरचे डबे असतात. आपला आवाज तिथून लहरीवर बसून जातो. तो नीट बसलाय का, लहर जिथं वळायला पाहिजे तिथंच वळते का, हे एका यंत्रावर मोजायचं. मॉड्युलेशनची तपासणी म्हणतात तिला. ते माझं काम. लहर ठरल्या जागेपासून किती घसरते ते यंत्र अंशांत दाखवायचं. पाच अंशांच्या आत असली तर डबा पास.

लोकांना वाटायचं, रेंज फुल्ल म्हणजे फोन बेस. तसं नसतं हो. जोर भरपूर आणि बोलणं वाकडं — माणसांचं होतं तसं ट्रान्समीटरचंही होतं. फोनवर रेंजच्या दांड्या सगळ्या उभ्या, आणि कानाला येतं ते तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखं.

आता महालिंग. धारूरचा, घरचं भांड्यांचं दुकान. बापाची इच्छा, पोरानं गादीवर बसावं. हा मात्र टॉवरवर चढून केबलचे जोड करायचा. बाप म्हणायचा, "दुकान सोडून खांबावर कशाला लटकतोस?" महालिंग हसायचा. पण जोड असा करायचा की बघत राहावं. तार सोलणार, कनेक्टर बसवणार, वर पाण्यापासून जपायला टेपचे थर चढवणार — आणि सगळं झालं की खिशातल्या पुडीतली विभूती काढून टेपवर तीन बोटं ओढणार. प्रत्येक जोडावर. साहेब वैतागायचे, "हा टॉवर हाय का मठ?" महालिंग म्हणायचा, "साहेब, वर मी असतो नि तो असतो. तिसरं कोण हाय?"

आम्ही एका वयाचे. मला इंजिनेर म्हणायचा, चिडवून. एकाच ताटात जेवलोय. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे पुढचं तुम्हाला हलकं वाटू नये.

नांदूरघाटच्या बाजूला एका माळावर टॉवर उभा राहिला. उद्घाटनाला पुढारी येणार होते, नारळ फोडून तिथूनच पहिला फोन लावणार होते. आमचा नियम साधा होता — डबा चालू करून चांगला तापू द्यायचा, मग मोजायचा. गार डबा गोड बोलतो, त्याचं खरं रूप तापल्यावर दिसतं. मला नियम माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. पण खाली रस्त्यावर गाड्यांची धूळ दिसायला लागली, साहेब ओरडायला लागले, आणि मी गार डबा मोजला. अंश बरोबर आले. पास म्हणून टाकलं. नारळ फुटला, फोन लागला, टाळ्या पडल्या.

एवढंच असतं तर मी ते केव्हाच हसत हसत सांगून मोकळा झालो असतो. घाई कोण करत नाही?

थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. सकाळी आवाज स्वच्छ, दुपार झाली की चिरकायचा. गावातली अर्धी माणसं ऊसतोडीला बाहेर. घरी राहिलेल्या बायका एका दुकानातल्या फोनभोवती गोळा व्हायच्या आणि "रेंज तर लई दाखवती, पर बोललेलं कळंना" म्हणून परत जायच्या. मी एकटाच जाऊन आलो. भर दुपारी, डबा तापलेला असताना यंत्र लावलं. अंश पाचाच्या वर गेले आणि तिथंच नाचत राहिले. केबल काढून, थेट डब्यालाच लावून पुन्हा बघितलं. तेच. म्हणजे वरच्या जोडाचा काही संबंध नव्हता. डबाच खराब होता, आणि तो पास करणारा मी होतो.

तेव्हा माझी नोकरी पक्की व्हायची होती. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर सगळे बसलो होतो — साहेब, ड्रायव्हर, केबल ओढणारी माणसं, महालिंग. साहेबांनी मला विचारलं, "डबा नीट मोजला होता ना?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "डबा ठीक हाय." तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी भाकरी मोडत मोडत पुढं बोललो — "जोडात राख गेली असंल."

बोललो मी हे. माझ्या तोंडानं. राख टेपच्या वरून लागते, आत जायला वाटच नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण साहेबांना ते इतकं पटलं की त्यांनी ताटावर हात आपटला. माणसं हसली. एकजण म्हणाला, "देवानंच लाइन तोडली बे तुझी."

महालिंग भांडला असता तर? कितीदा वाटतं, त्यानं माझी गचांडी धरायला पाहिजे होती. पण त्यानं स्वतःच्या बोटांकडं बघितलं आणि म्हणाला, "असंल बी. माझ्याच हातनं झालं असंल." मी बोललोय म्हणजे खरंच असेल, असं वाटलं त्याला. यंत्र माझ्याकडं होतं ना.

आणि मग मी त्याहून वाईट केलं. तो जोड तोडून नवा करायला वर चढला. माणूस वर असताना ट्रान्समीटर बंद ठेवावाच लागतो. मी खोलीत एकटा होतो. तो वर उन्हात केबल कापत होता, आणि मी खाली खराब डबा काढून शिलकीतला दुसरा बसवला. तो उतरला, मी बटण दाबलं. दुपारभर आवाज स्वच्छ राहिला. साहेब म्हणाले, "बघा, जोडच होता." जुना डबा प्रवासात आपटला असं कागदावर दाखवून मी परत पाठवून दिला.

नव्या जोडावर महालिंगनं विभूती लावली नव्हती. उतरल्यावर पुडी खिशातून काढली आणि गाडीत ठेवली. पुन्हा कधी त्याच्या हातात ती दिसली नाही. त्याला जोडाचं काम देणं बंद झालं, नुसती केबल ओढायला लावायचे. मग तो आपणहूनच गेला, बापाच्या दुकानात. माझी नोकरी पक्की झाली. मी बढत्या घेतल्या, निवृत्त झालो. नांदूरघाटच्या बायका नवऱ्यांशी मनसोक्त बोलायला लागल्या, त्याचं श्रेयही मीच घेतलं.

आता गेल्या महिन्यातलं. साडूच्या बोअरची केबल तुटली म्हणून धारूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेलो. आतून आवाज आला, "काय इंजिनेर, वळखलंस का?" महालिंग. बापाच्या भांड्यांच्या जागी त्यानं मोटारी मांडल्या होत्या. केस पांढरे, पण हसू तेच. त्यानं चहा मागवला, आणि माझ्यासमोर केबलचा जोड करायला घेतला. तेच हात. तार सोलली, बसवली, टेप गुंडाळली. सुरेख जोड. मग त्यानं कटर उचलला, तो जोड तोडून टाकला आणि पहिल्यापासून दुसरा करायला लागला.

बाकड्यावरचं गिऱ्हाईक हसलं. "अप्पा परत्येक जोड दोनदा करतेत. पहिल्यावर भरवसा न्हाई त्यांचा."

"एक डाव चुकलंय माझं," महालिंग म्हणाला. "गावाची गावं खोळंबली होती. ह्याला इचार, ह्याला म्हाईत हाय."

मला विचारा म्हणाला. आणि मी काय केलं? मान हलवली. चहा प्यायलो. साडूची केबल घेऊन बसमध्ये बसलो. म्हणजे म्हातारपणीही तोच मी, बरं का.

पण घरी आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की जे झालं ते झालं, आता हात लावता येत नाही. खोटं आहे ते. तो माणूस अजून रोज जोड करतोय. त्याचे हात शाबूत आहेत, दुकान चालतंय, गिऱ्हाईक त्याच्यावर जीव टाकतंय. फक्त पहिला जोड त्याला खरा वाटत नाही — आणि तेवढं माझ्या हातात आहे. हे कळलं तेव्हा मला, खरं सांगतो, आनंद झाला. लाज होतीच, पण आनंदही झाला. त्या रात्री झोप छान लागली.

उद्या धारूरचा बाजार. दुकानासमोरचं बाकडं भरलेलं असतं. चारचौघांत बोललो होतो, तर चारचौघांतच बोलायला पाहिजे. जाताना बाजारात विभूतीचा खडा मिळाला तर घेईन म्हणत होतो, पण नको. ते त्याचं त्यानं बघावं.

तो काय करेल ठाऊक नाही. शिव्या घालेल, चहा पाजेल, नाहीतर गप्प बसेल. काही करो. मी बाकड्यावर बसेन. त्याच्या हातात केबल असेलच. टेप गुंडाळून होईपर्यंत थांबेन, आणि त्यानं कटर उचलला की सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन — महालिंग, तोडू नकोस. तेव्हा डबा खराब होता, आणि मला माहीत होतं. तुझा पहिलाच जोड बरोबर होता.